अकरा अंशांचा हिशेब: फ्लो-आर वापरून पाहिल्यावर

डोंगरातून येणाऱ्या लोंढ्यांच्या धोक्याचा नकाशा बैठकीत भिंतीवर लावून पाच मिनिटंही झाली नसतील, तोच मागच्या रांगेतल्या एका काकांनी विचारलं, "मॅडम, माझं घर पिवळ्यात आहे. म्हणजे तीस टक्के धरायचं का?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की याचं सरळ उत्तर माझ्यापाशी नाही. रंग मी निवडले होते, आकडे फ्लो-आर या सॉफ्टवेअरने काढले होते, आणि पिवळा म्हणजे नक्की काय हे काकांना कळेल अशा एका वाक्यात मला सांगता येईना. हा रिव्ह्यू त्या प्रश्नामुळे लिहिते आहे. सॉफ्टवेअर चांगलं आहे, मी ते पुढेही वापरणार आहे. पण ते काय सांगतं आणि काय सांगत नाही, हे समजायला मला एक अख्खा पावसाळा लागला.

मी भूशास्त्राची. बावीस वर्षं डोंगरात हातोडी, होकायंत्र आणि पेन्सिल घेऊन फिरले आहे. संगणकावरच्या रंगीत नकाशांबद्दल माझ्या मनात जुनी अढी आहे, हे आधीच कबूल करून टाकते. ती अढी अर्धी उतरली. अर्धी अजून आहे.

आधी विषय काय ते. डोंगरातल्या घळीतून दगड, माती, झाडं आणि पाणी एकजीव होऊन जे खाली येतं, त्याला आम्ही 'डेब्रिस फ्लो' म्हणतो. मराठीत मी दगडचिखलाचा लोंढा म्हणते. पुरापेक्षा हा वेगळा, कारण यात निम्म्याहून जास्त ऐवज दगडमातीचा असतो आणि तेवढ्याच पाण्याच्या जवळपास दुप्पट वजन भरतं. दरडीपेक्षाही वेगळा, कारण दरड सुटून बहुधा जवळपासच थांबते, हा मात्र घळीला लागला की वाट मिळेल तिथवर जातो. पुढे मोठाल्या धोंड्यांचं तोंड, मागे पातळ चिखलाची शेपटी, आणि असे एकामागून एक हबके. वायनाडमध्ये 30 जुलै 2024 च्या पहाटे जो लोंढा आला, तो समुद्रसपाटीपासून सुमारे 1,550 मीटर उंचीवर सुटला आणि साधारण 8 किलोमीटर वाहत गेला. खाली झोपलेल्यांना तो वरचा उतार अंगणातून दिसतही नसेल.

नेमकं इथेच नेहमीचे दरडींचे नकाशे कमी पडतात. कोणता उतार सुटू शकेल, ते ठिकाण ते रंगवतात. माणसं असतात दुसऱ्या टोकाला. घळ जिथे डोंगरातून बाहेर पडते तिथे तिने आणलेला गाळ पसरून पंखाकृती मैदान तयार होतं. जमीन सपाट, बाजूला पाणी, माती बरी, त्यामुळे वस्ती तिथेच होते. हे मैदान मुळात कशाने झालं, असा प्रश्न घर बांधताना कोण विचारतं?

फ्लो-आर हे काम दुसऱ्या टोकाचं करतं. लोझान विद्यापीठातल्या संशोधकांनी ते तयार केलं, 2013 मध्ये त्याची सगळी पद्धत प्रसिद्ध केली, आणि स्वित्झर्लंडच्या व्हो प्रांताचा अख्खा नकाशा त्यावर काढून दाखवला. वापरायला मोफत आहे. एका घळीचा बारीक अभ्यास करण्यासाठी ते नाही. शेकडो घळी एका झपाट्यात चाळायच्या असतील तर आहे. ही गोष्ट लक्षात ठेवली की त्याच्यावर निम्मे राग येत नाहीत.

लागतं काय? खरं तर एकच गोष्ट, जमिनीच्या उंचीचा डिजिटल नकाशा, म्हणजे डीईएम. बाकी सगळं त्यातून निघतं. आणि इथेच मी पहिल्या आठवड्यात सपशेल आपटले. मोफत मिळणाऱ्या डेटात आलोस पालसार या जपानी उपग्रह-रडारच्या चित्रांसोबत 12.5 मीटरचा डीईएम येतो, म्हणजे जमिनीच्या 12.5 मीटर बाजूच्या चौकटी आणि प्रत्येक चौकटीला एक उंची. 30 मीटरपेक्षा 12.5 केव्हाही बरा, म्हणून मी तो आनंदाने उतरवून घेतला. नकाशात घळींच्या कडा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या दिसायला लागल्या, तेव्हा माहितीपत्रक उघडलं. ती उंची बहुतेक ठिकाणी फेब्रुवारी 2000 मधल्या एसआरटीएम या अवकाशयानातून रडारने उंची मोजणाऱ्या मोहिमेचीच असते, 30 मीटरच्या चौकटी कापून 12.5 च्या केलेल्या. तपशील नवा नाही, फक्त भिंग मोठं. वितरकांनी हे लिहून ठेवलेलं आहे. मीच वाचलं नव्हतं. विद्यार्थ्यांना सांगून ठेवते: चौकट किती मीटरची हे विचारण्याआधी उंची मोजली कधी आणि कशाने, हे विचारा. दाट झाडी असेल तर अशा डीईएममध्ये झाडांचे शेंडे जमिनीत मिसळलेले असतात, आणि दहा फूट रुंदीची घळ त्यात चक्क बुजून जाते. नंतर मी चांगल्या सर्वेक्षणावरचा 10 मीटरचा डीईएम मिळवला. प्रादेशिक कामाला फ्लो-आरचे कर्तेही 10 मीटरच सुचवतात. त्याहून बारीक घेतलं की संगणक रात्रभर घुमतो, आणि त्या मानाने पदरात फारसं पडत नाही.

पहिलं काम लोंढा कुठे सुटेल ते शोधणं. त्यासाठी तीन कसोट्या असतात. उतार साधारण 15 अंशांहून जास्त हवा. वरून पाणी जमा होईल एवढं पाणलोट हवं. आणि जागा ओंजळीसारखी खोलगट हवी, डोंगराच्या नाकाडावर लोंढा सुटत नाही. उतार आणि पाणलोट यांचं नातंही ठरलेलं आहे: पाणलोट जितकं मोठं तितका कमी उतार पुरतो. हे नातं 1987 च्या उन्हाळ्यात आल्प्समध्ये आलेल्या लोंढ्यांच्या नोंदींवरून बांधलेलं आहे. मला ही पायरी आवडली, कारण नकाशात वर वर जाताना मी डोळ्यांनी हेच शोधते. फरक एवढाच की मी सैल माती आहे का तेही बघते. सॉफ्टवेअरला ते दिसत नाही. खडकाचा नागडा कडा, ज्यावर मूठभर माती नाही, तोही त्याने मोठ्या उत्साहाने लाल केला. खडकाचा आणि जमीनवापराचा थर वेगळा देऊन असे कडे वगळता येतात. ते काम तुमचं.

दुसरं काम लोंढा पसरेल कसा. प्रत्येक चौकटीला आठ शेजारी. सगळा माल सर्वात खालच्या शेजाऱ्याला द्यायचा की वाटून द्यायचा? यासाठी पाणी उतारावरून शेजारच्या चौकटींत कसं वाटलं जातं याचं होल्मग्रेन यांचं 1994 चं सूत्र थोडं बदलून वापरलं आहे. त्यात एक घातांक असतो. तो 1 ठेवला तर लोंढा पाण्यासारखा चहूकडे सांडतो, मोठा केला तर एकाच धारेने जातो. मी बहुतेक वेळा 4 ठेवला. बदल असा की हिशेबापुरती मधली चौकट मीटर-दोन मीटरने उचलून धरता येते. लोंढ्याला स्वतःची जाडी असते, त्यामुळे लहानसहान उंचवटे तो ओलांडतो, आणि डीईएममधल्या बारक्या चुकांनीही त्याची वाट अडत नाही. शिवाय जडत्वाचा भाग आहे. आला त्या दिशेने पुढे जायला जास्त गुण, वळायला कमी, मागे फिरायला शून्य. साधंच, पण नेमकं बसतं.

तिसरं काम लोंढा थांबेल कुठे. यावर जरा थांबते, कारण नकाशातली प्रत्येक सीमारेषा इथे ठरते, आणि रिव्ह्यू लिहिणारे बहुतेक जण इथून घाईने पुढे जातात.

सॉफ्टवेअरला दोन आकडे द्यायचे असतात. एक घर्षणाचा कोन, म्हणजे ज्या उतारावर उताराचा जोर आणि घर्षण बरोबरीत येतात तो, आणि एक कमाल वेग. दगडचिखलासाठी बरेच जण 11 अंश आणि सेकंदाला 15 मीटर घेतात. मीही घेतले, आणि मग कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. सेकंदाला 15 मीटर म्हणजे ताशी 54 किलोमीटर. या वेगात जितकी ऊर्जा असते ती साडेअकरा मीटर उंचीवरून पडण्याइतकी. घळीतून बाहेर पडताना लोंढ्याच्या खिशात एवढीच पुंजी. आता पुढचं मैदान 5 अंश उताराचं आहे असं धरा. शंभर मीटर पुढे गेलं की उतार पावणेनऊ मीटर देतो, आणि 11 अंशांचं घर्षण एकोणीस-साडेएकोणीस मीटर खातं. तूट पावणेअकरा मीटरची. म्हणजे साधारण 110 मीटरवर पुंजी संपली, लोंढा थांबला. आता कोन 11 चा 7 करा. तेवढ्याच अंतरात घर्षण सव्वाबारा मीटर खातं, तूट उरते साडेतीन मीटरची, आणि तोच लोंढा सव्वातीनशे मीटर जातो.

चार अंशांचा फरक. 110 मीटर आणि 325 मीटर यांच्यामध्ये एका वाडीतली सगळी घरं मावतात.

कोन कुठून आणायचा? चिखल बारीक आणि ओला असेल तर लोंढा लांब जातो, म्हणून कोन कमी. दगड मोठे आणि पाणी कमी असेल तर कोन जास्त. प्रत्येक खोऱ्यात जुने लोंढे कुठवर आले ते शोधून, त्यावरून कोन जुळवून घ्यावा लागतो. हे तीन-चार दिवसांचं पायी काम आहे, आणि ते टाळून परदेशातल्या लेखातला आकडा उचलणं फार सोपं आहे. बटण तेवढंच सहज दाबलं जातं, नकाशाही तेवढाच देखणा येतो.

आता प्रत्यक्ष परीक्षा. मी पूर्वी पायी फिरून, हाताने नकाशा काढलेली तीन पाणलोटं घेतली. जुने नकाशे पाकिटात बंद ठेवले, आधी फ्लो-आर चालवलं, मग पाकीट उघडलं.

पहिल्या घळीत काही वादच नव्हता. सरळ, उभी, अरुंद. माझी पेन्सिलीची रेघ आणि संगणकाची कड जवळजवळ एकमेकींवर बसल्या. थोडा जास्त पसारा दाखवला, पण चूक करायची तर त्या बाजूने केलेली बरी.

दुसरीत गडबड झाली. संगणकाने लोंढा ओढ्याच्या पात्रातून शहाण्यासारखा खाली नेला. प्रत्यक्षात मात्र तो दुसऱ्या वळणावर पात्र सोडून उजवीकडच्या शेतात घुसलेला होता. तिथे रस्त्याखाली एक मोरी आहे. पहिल्या हबक्यातल्या धोंड्यांनी आणि झाडांच्या ओंडक्यांनी मोरी तुंबली आणि मागचा माल शेतात वळला. शेताच्या कडेने धोंड्यांची रांग अजून आहे, आणि झाडांच्या डोंगराकडच्या अंगाला माझ्या डोक्याहून वर सालं सोललेले व्रण आहेत. 10 मीटरच्या चौकटीत मोरी दिसत नाही, आणि दिसली तरी ती तुंबेल हे सॉफ्टवेअरला कोण सांगणार? मी मधली चौकट एकाऐवजी दोन मीटर उचलून पाहिली, तर लोंढा बरोबर त्या शेतात गेला. पण मग पहिल्या घळीतही तो दोन्ही काठांवर ऐसपैस पसरला. एकीकडचं बरोबर केलं की दुसरीकडचं बिघडतं. याला इलाज नाही. तेव्हापासून नकाशावर प्रत्येक पूल आणि मोरी मी हाताने तांबड्या फुलीने दाखवते.

तिसऱ्या पाणलोटाबद्दल लिहायला जरा जीवावर येतं. माझ्या जुन्या नकाशात ते कोरं होतं. खाली रुंद, शांत मैदान, जुनी झाडं, घरं. मी विचारपूस केली होती, कुणाच्या आजोबांच्या आठवणीतही काही आलेलं नव्हतं. वर चढून पाहण्याचं त्या वेळी मी टाळलं, दिवस मावळत आला होता. फ्लो-आरने डोंगरमाथ्याखालची एक ओंजळ उगम म्हणून धरली आणि मैदानाचा वरचा तिसरा भाग रंगवला. माझी पहिली प्रतिक्रिया अशी की हा खोटा इशारा. दुसऱ्या दिवशी मुद्दाम गेले, खोटा आहे हे सिद्ध करायला.

ओढ्याने मैदानाचा काठ कापला आहे तिथे दोन पुरुष उंचीचा उभा छेद मिळाला. नदीच्या गाळात गोटे गोल आणि थराथरांत लावून ठेवल्यासारखे असतात. इथे टोकदार कोपऱ्यांचे धोंडे चिखलात कसेही रुतलेले होते, लाडवात बेदाणे असावेत तसे, एकमेकांना न टेकता. वर काळसर मातीचा एक पट्टा, म्हणजे मधे बराच काळ शांतता. आणि त्या मातीवर पुन्हा तसाच धोंड्या-चिखलाचा दुसरा थर. लोंढा किमान दोनदा आलेला होता. आजोबांच्या आठवणीपेक्षा जुना, एवढंच. त्या दुसऱ्या थरावर घरं उभी आहेत.

याच कारणासाठी मी फ्लो-आरला गुण देते. त्याला आधीचं कुणाचं मत नसतं, ते दमत नाही, आणि दिवस मावळला म्हणून परत फिरत नाही. कुठे जाऊन छेद बघायचा हे त्याने सांगितलं. लोंढा आला होता हे मात्र छेदानेच सांगितलं.

कमतरतांमध्ये सगळ्यात मोठी म्हणजे त्याला माल किती हे ठाऊकच नसतं. हजार घनमीटर सुटले काय आणि लाख सुटले काय, नकाशा तोच. घळीचा तळ खरवडून लोंढा वाटेत फुगत जातो, तेही हिशेबात नाही. मी त्यासाठी अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेतल्या अभ्यासकांचं एक जुनं, सोपं सूत्र बाजूला ठेवते: घनफळाचा दोन-तृतीयांश घात काढायचा आणि 20 ने गुणायचं, की गाळाखाली जाणारी जमीन चौरस मीटरमध्ये येते. लाख घनमीटरला साधारण सव्वाचार हेक्टर. फ्लो-आरने चाळीस हेक्टर रंगवले असतील तर त्याचा अर्थ असा की या चाळिसांपैकी कोणतेही चार. ते सगळे एकदम जातील असं ते म्हणत नाही. एवढी एक गोष्ट समजली की नकाशा बघण्याची नजर बदलते.

एकाच घळीचा निकाल लावायचा असेल, भिंत किती उंच बांधायची किंवा पुलाखाली किती जागा सोडायची हे ठरवायचं असेल, तर हे सॉफ्टवेअर बाजूला ठेवा. तिथे स्विस संस्थेचं रॅम्स किंवा खुल्या स्रोताचं आर-अव्हाफ्लो घ्या. त्यांना घनफळ द्यावं लागतं, आणि ती लोंढ्याची जाडी आणि वेग काढून देतात. मेहनत दसपट. आणि कधी येईल, याचं उत्तर यांपैकी कुणाकडेच नाही. त्याला पावसाचा हिशेब वेगळा. 1980 मध्ये नेल केन या अभ्यासकांनी जगभरच्या नोंदींवरून काढलेली, लोंढे-दरडी सुटायला लागणाऱ्या पावसाची किमान रेघ तासाला सुमारे 15 मिलिमीटर किंवा दिवसभरात सुमारे 100 मिलिमीटर सांगते. पण ती अगदी खालची मर्यादा झाली. भरपूर पावसाच्या डोंगरात त्या रेघेवर भोंगा लावला तर तो रोजच वाजेल आणि आठवड्याभरात कुणीतरी त्याची वायर काढेल.

नकाशा चांगला असणं पुरत नाही याचा दाखला आमच्या विषयात सगळे एकच देतात, मीही देते. कोलंबियात नेव्हादो देल रुइझ ज्वालामुखीचा धोका-नकाशा ऑक्टोबर 1985 मध्ये तयार होता. त्यात आर्मेरो गाव लोंढ्याच्या वाटेवर दाखवलेलं होतं. 13 नोव्हेंबरच्या रात्री उद्रेकाने माथ्यावरचं बर्फ वितळलं, आणि वीस हजारांहून जास्त माणसं गेली. ते गाव वसलं होतं 1845 च्या लोंढ्याच्याच गाळावर. माझ्या तिसऱ्या पाणलोटातला तो काळा पट्टा बघताना मला हेच आठवत होतं.

आता काकांचं पिवळं. फ्लो-आर प्रत्येक चौकटीला जो आकडा देतं तो असा वाचायचा: वर लोंढा सुटलाच, तर पसरताना त्याचा किती वाटा या चौकटीकडे वळेल. वर तो सुटण्याची शक्यता किती, हे त्यात नाहीच. म्हणून टक्के नाहीत. पिवळं म्हणजे लाल भागाहून लोंढ्याच्या वाटेपासून जरा बाजूला, पण वाटेच्या बाहेर नाही. कर्त्यांनीही हे आकडे तुलनेपुरते घ्या असंच म्हटलं आहे. मी काकांना दुसऱ्या बैठकीत हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे पावसात मुलांना वरच्या खोलीत झोपवू की गावाबाहेर?" मी म्हटलं, घळीच्या तोंडापासून लांब आणि आडव्या दिशेने, काठावरच्या उंच भागाकडे. ओढ्याबरोबर खाली पळू नका.

नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात आता मी चार ओळी छापते: डीईएम कोणत्या वर्षाचा, घातांक किती, कोन किती, कमाल वेग किती. सुंदर नकाशाची शोभा जाते, अशी तक्रार आली. पण त्या दिवशी काका उठून नकाशाजवळ गेले, चष्मा वर करून कोपरा वाचला आणि विचारलं, "हे अकरा तुम्ही कुठून आणलेत?"

मी त्यांना घेऊन ओढ्याच्या छेदाकडे निघाले.